तापलेल्या इंजिनाचे निदान: कोल्हापूरच्या मेस्त्रीविद्येचा एक इतिहास

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले कळंबा हे गाव तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि कळंबा रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था या तीन गोष्टींमुळे जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. यांपैकी तलाव सर्वांत जुना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या तलावात कात्यायनीच्या बाजूच्या डोंगरउतारांवरचे पाणी साठवून ते केवळ उताराच्या जोरावर शहरात नेण्यात आले, आणि त्यामुळे कोल्हापूरकरांना नळाचे पाणी प्रथम मिळाले तेव्हा ते उपसण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज पडली नाही. पुढच्या दोन पिढ्यांत चित्र पालटले. पंचगंगा, भोगावती आणि दूधगंगेच्या काठांवर, विहिरींच्या धक्क्यांवर आणि गुऱ्हाळांच्या छपरांखाली तेलावर चालणारी इंजिने बसली, त्यांच्या दुरुस्तीसाठी मेस्त्री नावाचा नवा कारागीर उभा राहिला, आणि या मेस्त्रीकडे सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार ‘इंजिन गरम होतंय’ हीच होती. या तक्रारीचे मूळ शोधण्याची पद्धत कोल्हापूर परिसरात कशी घडत गेली, ती कोठे सुधारली आणि कोठे बिघडली, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम तापण्याचा अर्थ पाहणे आवश्यक आहे, कारण इंजिन तापणे हा मुळात दोष नव्हेच. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात: सुमारे एक तृतीयांश उष्णतेचे काम होते, जवळजवळ तेवढीच पाण्यात किंवा हवेत जाते आणि उरलेली जळक्या वायूंबरोबर एक्झॉस्टमधून, म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या मार्गातून, निघून जाते. या तीन वाटांपैकी एखादी वाट तुंबली, किंवा मुळात उष्णताच गरजेपेक्षा जास्त निर्माण झाली, की उरलेल्या वाटांवर भार पडतो. त्यामुळे पाणी उकळत असले तरी दोष पाण्यात असेलच असे नाही, आणि सायलेन्सर लाल झाला तरी दोष सायलेन्सरचाच असतो असेही नाही. तापमान हे लक्षण असून रोग अन्यत्र असू शकतो, हे ज्याला उमगले तो मेस्त्री, आणि ज्याला उमगले नाही तो केवळ भाग बदलणारा, असा भेद करता येतो. कोल्हापूरच्या कारागिरीचा इतिहास या भेदाच्या अंगाने वाचला तर त्यात बरेच काही सापडते.

या कारागिरीची पायाभरणी संस्थानी काळात झाली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्यावर यंत्रसामग्री शहरात आणणे सोपे झाले. १९०६ मध्ये शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने कापडाची गिरणी स्थापन झाली आणि गिरणीतील यंत्रे सांभाळणारा एक कुशल वर्ग तयार होऊ लागला. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत शिवाजी उद्यमनगराची वसाहत आकाराला आली, आणि म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या मंडळींनी तेथे दुरुस्तीच्या कामातून उत्पादनाकडे वळण्याचा मार्ग घालून दिला. शाळेत फारसे न गेलेला माणूस परदेशी यंत्र उघडतो, त्याचा प्रत्येक भाग मोजतो आणि तसाच भाग बिडात ओतून घेतो, हे कोल्हापूरला नवीन नव्हते. याच शहरात १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला होता. शेजारच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी होती आणि तेथून १९२० मध्ये निघू लागलेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या नियतकालिकाने यंत्राविषयी मराठीत लिहिण्या-वाचण्याची सवय लावली होती. सातारारोडच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवली, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी इंजिनांची व सुट्या भागांची आवक आटल्यावर उद्यमनगरातील कारखान्यांना दुरुस्तीचे आणि नंतर उत्पादनाचे काम आपोआप मिळत गेले.

त्या काळात या भागात रूढ झालेली इंजिने संथ गतीची, एका आडव्या किंवा उभ्या सिलिंडरची, जड फ्लायव्हीलची आणि हँडल मारून सुरू करायची होती. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास बाजारात आणलेले मिनिटाला ६०० फेऱ्यांचे पाच अश्वशक्तीचे इंजिन हा या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय, आणि त्या धर्तीची इंजिने पुढे राजकोटप्रमाणे कोल्हापुरातही तयार होऊ लागली. निदानाच्या दृष्टीने या इंजिनाचा मोठा गुण असा की त्यात काहीच झाकलेले नव्हते. पाणी कोठून येते आणि कोठे पडते ते दिसत असे, धुराचा रंग दिसत असे, गव्हर्नर, म्हणजे भार वाढला की इंधन वाढवणारी फिरत्या गोळ्यांची यंत्रणा, उघड्यावर हलत असे, आणि प्रत्येक ठोका वेगळा मोजता येत असे. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू मिळणे अवघड होते.

पंपाला जोडलेल्या इंजिनात थंड करण्याची व्यवस्था अगदी साधी असे. पंपाने वर फेकलेल्या पाण्यातून एक बारीक नळी काढून ती इंजिनाच्या जॅकेटला, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीला जोडत, आणि तापलेले पाणी वरच्या तोंडातून पाटात पडत असे. जेथे पंप नसे, उदाहरणार्थ गुऱ्हाळात, तेथे शेजारी एक टाकी ठेवून गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खालून आत येते या नैसर्गिक अभिसरणावर भिस्त ठेवली जाई. दोन्ही प्रकारांत मेस्त्रीची पहिली कृती एकच होती: बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरणे. हात टेकवता येतो पण फार वेळ ठेववत नाही, इतपत पाणी गरम असले तर इंजिन ठीक. हात लावताच मागे घ्यावा लागला तर पाणी कमी पडते आहे किंवा उष्णता जास्त होते आहे. आणि पाणी कोमट असूनही इंजिनाचे हेड भाजत असेल तर मधल्या भिंतीवर काहीतरी साचले आहे, असा निष्कर्ष निघे. तापमापक नसताना केलेली ही परीक्षा आजच्या दृष्टीने ढोबळ वाटली तरी तिच्यामागचा तर्क बिनचूक होता, कारण ती पाण्याचे तापमान आणि धातूचे तापमान यांतील फरक पाहत होती.

या फरकाचे सर्वांत सामान्य कारण क्षार हे होते. काळ्या मातीच्या पट्ट्यातील विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, ते तापले की त्यातील चुना जॅकेटच्या आतल्या बाजूला धरतो, आणि या चुनखडीच्या थरातून उष्णता बिडाच्या तुलनेत वीस-पंचवीस पटींनी हळू वाहते. सिलिंडरभोवती आतून वाकळ गुंडाळावी तसा हा थर काम करतो. म्हणून नदीकाठी वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले इंजिन मालकाने विहिरीवर नेऊन बसवले आणि दोन हंगामांत ते तापू लागले, तर इंजिन बदलले नसून पाणी बदलले आहे हे ओळखावे लागे. झाकणपट्टी खोलून थर खरवडणे किंवा सौम्य आम्लाने धुणे हा त्यावरचा उपाय होता. याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होई. इंजिन जितके थंड तितके चांगले, अशा समजुतीने शेतकरी पाण्याची नळी पूर्ण उघडून ठेवत. त्यामुळे सिलिंडरची भिंत इतकी गार राही की जळक्या वायूतील वाफ तिच्यावर जमे आणि त्या काळच्या डिझेलमधील गंधकाशी मिळून आम्ल तयार करी. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतील बदलता येणारी नळी, अशाने झिजून जाई, रिंगा सैल पडत, जळके वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरत, आणि अखेर अति थंड ठेवलेले इंजिनच तापण्याची तक्रार घेऊन मेस्त्रीकडे येई. हा कार्यकारणाचा वळसा ध्यानात येणे हे मोठ्या अनुभवाचे काम होते.

गुऱ्हाळाने या विद्येची खरी कसोटी घेतली. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की इंजिनावर चालणारा चरक रात्रंदिवस फिरे, आणि शाहूपुरीच्या गूळपेठेत माल वेळेवर पोचायचा तर मधे थांबून चालत नसे, कारण चरक थांबला की काहिलीखालच्या चुलवाणापासून बैलगाड्यांच्या रांगेपर्यंत सगळेच अडून बसे. पंपावरचा भार स्थिर असतो, परंतु चरकात मोळी जाड पडली की भार एकदम चढतो. गव्हर्नर इंधन पूर्ण उघडतो, हवा मात्र तेवढीच राहते आणि धूर काळा होतो. येथे मेस्त्रीची नजर पाण्यावरून एक्झॉस्टकडे वळे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, निळा म्हणजे वंगणतेल जळते आहे, आणि तापलेल्या इंजिनातून सतत पांढरा धूर म्हणजे इंधन न जळता बाहेर पडते आहे किंवा आत कोठेतरी पाणी शिरते आहे, ही सूत्रे सर्वांना ठाऊक होती. तथापि काळा धूर भार काढल्यावर तत्काळ निवळतो की तसाच राहतो, हा पुढचा प्रश्न निर्णायक ठरे. निवळला तर चरकाचे दात घट्ट बसवले आहेत किंवा मोळी जास्त दिली जाते आहे. राहिला तर दोष इंधन फवारणाऱ्या नोझलमध्ये, हवेच्या वाटेत किंवा धुराच्या वाटेत.

धुराच्या वाटेचा दोष शोधण्याची रीत आजही सांगण्यासारखी आहे. इंजिनघर बहुधा पत्र्याचे आणि अरुंद असे, म्हणून धूर बाहेर काढण्यासाठी मालक सायलेन्सरपुढे हाताला लागेल तो पाइप जोडत आणि त्याला दोन-तीन बेंड, म्हणजे वाकणाचे तुकडे, घालत. पाइप जसा लांब होतो तसा त्याचा व्यास वाढवावा लागतो, अन्यथा जळका वायू मागे दाबला जातो, सिलिंडर पूर्ण रिकामा होत नाही, नवी हवा कमी येते, आणि कमी हवेत तेवढेच इंधन जळाल्याने एक्झॉस्ट अधिक तापतो. बेंडच्या आतल्या वळणावर काजळी साचली की ही अडचण आणखी वाढे. मेस्त्री अशा वेळी सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून संपूर्ण पाइप बाजूला करी आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात इंजिन तसेच भारावर चालवी. काही मिनिटांत फेऱ्या सुधारल्या आणि धूर फिका पडला, तर इंजिनाला हात लावण्याचे कारणच उरत नसे. स्वस्त पाइप काढून महाग इंजिन वाचवण्याची ही युक्ती कोणत्याही उपकरणाविना होत असे.

पाइप काढूनही सायलेन्सरचे तोंड लालसर दिसत राहिले तर संशय टायमिंगवर जाई. टायमिंग म्हणजे पिस्टन वर येत असताना इंधन नेमके कोणत्या क्षणी आत फवारले जाते ती वेळ. फवारा उशिरा झाला तर ज्वलन काम करण्याच्या टप्प्यात संपत नाही, एक्झॉस्टचा वॉल्व उघडतो तेव्हाही आत जाळ चालूच असतो, आणि जी उष्णता पिस्टनला ढकलण्यात खर्च व्हायची ती सायलेन्सर तापवते. फवारा लवकर झाला तर उलट घडते. एक्झॉस्ट त्या मानाने थंड राहतो, पण ठोका कडक येतो आणि पिस्टन व हेड तापतात. लालीचे तापमान ओळखण्यासाठी या मेस्त्रींना कोणी शिकवावे लागले नाही, कारण उद्यमनगरातील अनेकांचा संबंध लोहारकामाशी किंवा ओतकामाशी होता. लोखंड अंधारात मंद लाल दिसू लागते ते सुमारे ५०० ते ५५० अंशांना आणि उजेडात लाल दिसते ते ७०० अंशांच्या आसपास, ही जाण भट्टीपुढे उभे राहून आलेली होती. आकडे ठाऊक नसतील, पण रात्री दिसणारी लाली दिवसाही दिसू लागली तर इंजिन बंद करायचे हे ठाऊक होते.

इंजिन खोलल्यावरचे निदान ही वेगळीच शाखा होय. पोलाद तापून हवेत थंड झाले की त्याच्या पृष्ठावर रंग उमटतो: २२० ते २३० अंशांच्या सुमारास गवती पिवळा, २८० च्या सुमारास जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. कनेक्टिंग रॉडवर किंवा पिस्टनच्या पिनेवर असा निळा डाग आढळला तर तो भाग किती तापला होता याचा पुरावा इंजिन थंड झाल्यानंतर कित्येक महिन्यांनीही वाचता येतो. पिस्टनवरचे ओरखडेही असेच बोलके असतात. अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो; म्हणून पाण्याअभावी किंवा अति भाराने तो सर्व बाजूंनी फुगून धरला, तर पिनेच्या दोन्ही अंगांना मिळून चार ठिकाणी चट्टे पडतात, पण ओरखडे एकाच बाजूला असतील तर वंगण कमी पडले किंवा नोझलमधून टपकणाऱ्या डिझेलने तेलाचा थर धुऊन काढला, असे समजतात. एक्झॉस्टचा वॉल्व जळाला असेल तर आधी टॅपेटचे अंतर, म्हणजे वॉल्वचा दांडा आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधील फट, पाहावे लागते. हा वॉल्व आपली सुमारे तीन चतुर्थांश उष्णता बैठकीला टेकलेला असतानाच सोडतो. टॅपेटचे अंतर कमी ठेवले तर तापल्यावर वॉल्वचा दांडा लांबतो, वॉल्व बैठकीवर पूर्ण टेकत नाही आणि कडेने निसटणाऱ्या जाळाने त्याची धार कापली जाते. वॉल्व बदलून टॅपेट तसाच ठेवणारा कारागीर तीच दुरुस्ती पुन्हा करण्याची तरतूद करून ठेवत असे.

स्वातंत्र्यानंतर रस्ते वाढले आणि या विद्येचे क्षेत्र शेतातून घाटात गेले. कोल्हापूरहून कोकणात उतरणारे आंबा, फोंडा, करूळ आणि भुईबावडा हे घाट मालवाहू गाड्यांची परीक्षाच घेत. कोकणातून भरून येणारी गाडी पूर्वेकडे चढते, आणि दुपारी समुद्रावरून येणारा वाराही त्याच दिशेने वाहतो. म्हणजे खालच्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला पुढून वारा जवळजवळ मिळतच नाही आणि सारी भिस्त पंख्यावर राहते. फॅन बेल्ट थोडासा सैल असला तर सपाटीवर त्याचा पत्ता लागत नाही, घाटात मात्र पाणी उकळते. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघडे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरला दाब धरणारे झाकण आल्यावर हा उत्कलनबिंदू ११५ ते १२० अंशांपर्यंत वर गेला, परंतु त्यामुळे निदानात एक नवा घटक शिरला: झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले की निर्दोष इंजिनही उकळल्यासारखे पाणी बाहेर फेकते. कॅनव्हासची पाण्याची पिशवी बाहेर टांगून घाट चढणाऱ्या चालकांना झाकण गरम असताना उघडू नये हा धडा पोळलेल्या हातांनी शिकवला.

या काळात कौशल्य वाढले तसे ते उथळही झाले, असे म्हणावे लागते. रेडिएटरच्या टाक्या डाख सोडवून काढणे आणि नळ्यांतून सळई फिरवून क्षार काढणे, ज्याला रॉडिंग म्हणत, हे उत्तम कारागिरीचे काम होते. झाकण उघडे ठेवून इंजिन चालवल्यावर पाण्यात सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधील सांधा, फुटून जळका वायू पाण्यात येत आहे, आणि वंगणतेल दुधाळ झाले तर पाणी तेलात उतरले आहे, ही निदानेही अचूक होती. तथापि थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा याच गॅरेजांतून रूढ झाली. थर्मोस्टॅट ही ठरावीक तापमानापर्यंत पाणी इंजिनातच फिरवणारी आणि नंतर रेडिएटरची वाट उघडणारी झडप आहे. ती अडकली तर इंजिन तापते हे खरे, परंतु त्यावरून ती मुळातच नको असा नियम करणे म्हणजे नळी पूर्ण उघडून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची चूक पुन्हा करणे होते. काही इंजिनांत तर ती झडप काढल्यावर पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनेच फिरत राहते आणि इंजिन पूर्वीपेक्षा जास्त तापते. आपल्या हवामानात थर्मोस्टॅट लागत नाही, हे गॅरेजमधील वाक्य आजही ऐकू येते. ते चुकीचे आहे.

दुचाकींच्या क्षेत्रात एक्झॉस्टचा प्रश्न अधिक ठळक होता. राजदूत, येझ्दी, बजाजची स्कूटर आणि १९७२ मध्ये आलेली लुना ही सारी टू-स्ट्रोक वाहने असून त्यांत पेट्रोलबरोबरच तेल जळते, त्यामुळे सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरच्या धूर जाणाऱ्या भोकावर काजळीचा कठीण थर जमतो. गाडी चढाला दम टाकते, सिलिंडरच्या पंखांवरून झळ येते आणि प्लग काळा होतो, ही लक्षणे दिसली की मेकॅनिक सायलेन्सर उतरवून तो जाळावर धरत. आतील तेलकट काजळी पेट घेई, तोंडातून दाट धूर आणि मग जाळ निघे, आणि तो थंड झाल्यावर ठोकून राखेचे पापुद्रे झाडले जात. सायलेन्सर जाळणे हा तेव्हाच्या सर्व्हिसिंगचा नेहमीचा भाग होता. मात्र तेलाचे प्रमाण जास्त असल्याने काजळी जमते आहे की मिश्रण पातळ असल्याने सिलिंडर तापतो आहे, हा भेद न करता सर्वच गाड्यांचे सायलेन्सर जाळणारेही कमी नव्हते.

दरम्यान १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, वीज खेड्यांत पोचत गेली आणि विहिरीवरच्या तेल इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली. कोल्हापूरच्या कारखानदारांनी आपले ओतकामाचे कौशल्य मोटारउद्योगाकडे वळवले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतून सिलिंडर ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड यांची ओतीव कामे देशभरच्या कारखान्यांना जाऊ लागली, घाटगे-पाटील यांचा वाहतुकीपासून सुरू झालेला व्यवसाय ओतकामापर्यंत विस्तारला, मेनन पिस्टन्सने पिस्टनचे उत्पादन उभे केले, आणि पुढे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखानाही कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आला. ज्या शहरात तापून धरलेला पिस्टन पाहून मेस्त्री रोग ओळखत होता, तेथेच आता पिस्टन तयार होऊ लागला.

ज्ञानाच्या हस्तांतराची रीतही बदलली. उद्यमनगरात मुलगा मेस्त्रीच्या हाताखाली पाने-पकडी देत शिके. १९५० मध्ये केंद्र शासनाने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला, आणि जोडारी, कातारी, संधाता, यांत्रिक डिझेल, यांत्रिक मोटारगाडी अशा शासकीय नावांच्या व्यवसायांत तरुण शिकू लागले. कळंबा रस्त्यावरच्या संस्थेकडे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून येणारी मुले याच प्रवाहातील होत. या शिक्षणाने फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज आणि दाबमापक यांचा शिस्तबद्ध वापर आणला, अंदाजाला आकड्याचा आधार दिला, आणि एका गुरूच्या सवयींपुरते बंदिस्त असलेले ज्ञान मोकळे केले. हा लाभ मोठा आहे, आणि जुन्या मेस्त्रींच्या आठवणी काढताना तो विसरला जाणे योग्य नाही.

सर्वांत मोठे स्थित्यंतर मात्र धुराच्या नियमांनी घडवले. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायूंचे रासायनिक रूपांतर करणारी डबी, सक्तीची झाली. एप्रिल २०१० नंतर वाहनातील दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली. आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले. कन्व्हर्टर आल्यावर लाल एक्झॉस्टचा अर्थ पालटला. पूर्वी प्लग एका सिलिंडरवर मारत नसेल तर गाडी थरथरे एवढेच; आता न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि मॅनिफोल्ड लाल नसतानाही खालची डबी लाल होते. डिझेल गाड्यांत तर याहून विलक्षण गोष्ट घडली. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो भरला की इंजिनाचा संगणक मुद्दाम उशिरा जादा डिझेल फवारतो, ते फिल्टरच्या आधीच्या भागात जळते आणि तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत चढवून काजळी जाळली जाते. जुन्या मेस्त्रीने जो उशिराचा फवारा दोष म्हणून पकडला असता, तोच येथे योजून केलेला असतो. जी उष्णता रोगाची खूण होती ती उपचाराचा भाग झाली आहे. गाडीखालून झळ येते म्हणून चालकाने मध्येच इंजिन बंद केले तर ही क्रिया अर्धवट राहते, आणि असे वारंवार झाल्यास डिझेल वंगणतेलात उतरून इंजिनाचे खरे नुकसान सुरू होते.

अशा इंजिनाला हात लावून काही कळत नाही, म्हणून स्कॅनर जोडावा लागतो, आणि स्कॅनर न वापरण्याचा हट्ट धरणे आज हास्यास्पद ठरेल. परंतु तो काय सांगतो याची मर्यादाही पाहावी. पी-०२१७ हा संकेतांक पडद्यावर आला तर त्याचा अर्थ इंजिन प्रमाणाबाहेर तापले एवढाच असतो. पाणी कमी होते, पंप गेला, पंखा फिरला नाही, गॅस्केट फुटले की धुराची वाट तुंबली, यांपैकी काहीही तो सांगत नाही. त्यासाठी तक्रार केव्हा सुरू झाली, भारावर की रिकामे असताना, चढावर की गर्दीत, पाणी कोठले भरले होते आणि मागच्या वेळी कोणी काय काढून टाकले, हेच प्रश्न विचारावे लागतात, आणि ते गुऱ्हाळात विचारले जात होते तेच आहेत. म्हणूनच प्रशिक्षण संस्थांनी आणि कोल्हापूरच्या इंजिन कारखानदारांनी एखादे संथ गतीचे जुने इंजिन चालू स्थितीत राखावे, त्याची पाण्याची नळी मुद्दाम आवळून, धुराचा पाइप अरुंद करून आणि टायमिंग मागे-पुढे करून प्रशिक्षणार्थ्यांना दोष शोधायला लावावे, आणि ते जमल्यानंतरच त्यांच्या हाती स्कॅनर द्यावा.